नाकातला प्रतिध्वनी किती खरा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगात फोर्जिंगच्या भागात आत कुठे भेग आहे का, हे तो न फोडता पाहतात. त्यासाठी कानाला ऐकू न येणारा ध्वनी धातूत सोडून प्रतिध्वनी टिपतात. भेग असेल तर तो अपेक्षेपेक्षा लवकर परततो. धातू एकजिनसी असल्यामुळे हिशेब सोपा. हीच युक्ती माणसाच्या नाकात चालेल काय?

नाक मोजण्याची धडपड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील झ्वार्डेमाकर नाकाखाली थंड आरसा धरून दोन्ही नाकपुड्यांच्या वाफेचे डाग ताडून पाहत. (वर्गात स्टीलच्या थंड ताटलीवर हा प्रयोग सहज होतो.) पण अडथळा कुठे आहे, हे डाग सांगत नाही.

ते उत्तर भूकंपशास्त्राच्या वाटेने आले. थरांवरून परतणाऱ्या लहरींवरून थरांची रचना काढण्याचे गणित वेअर आणि आकी यांनी १९६९ मध्ये मांडले. १९७७ मध्ये जॅक्सन व सहकाऱ्यांनी अशीच रीत श्वसनमार्गाला लावली आणि १९८९ मध्ये हिल्बर्ग, जॅक्सन व पेडरसन यांनी नाकाला. हीच अकूस्टिक ऱ्हायनोमेट्री.

नळीतून 'टक्' असा आवाज नाकपुडीत सोडतात. मार्ग जिथे अरुंद वा रुंद होतो तिथून काही ध्वनी परततो. ५ सेंटिमीटर खोलीवरून परतायला त्याला सेकंदाचा साधारण ३४०० वा भाग लागतो. वेळेवरून अंतर कळते, प्रतिध्वनीच्या जोरावरून छेदाचे क्षेत्रफळ.

मात्र गणित असे धरून चालते की भिंती कठीण आहेत, नळीला फाटे नाहीत आणि वाटेत ध्वनी खर्च होत नाही. नाक असे मुळीच नसते! पुढच्या भागातले आकडे सीटी स्कॅनशी चांगले जुळतात. पण फार अरुंद फटीपलीकडे ध्वनी पुरेसा पोचत नाही, म्हणून मागची जागा आहे त्याहून लहान दिसते. आणखी मागे तो गालाच्या हाडातील सायनसमध्ये शिरतो व जागा मोठी भासते. एकच यंत्र दोन उलट दिशांनी फसवते.

शिवाय नाकपुड्या काही तासांनी आलटूनपालटून चोंदतात. कायझर यांनी १८९५ मध्ये याची नोंद केली. आपल्या योगाभ्यासकांना ती अदलाबदल आधीच ठाऊक होती. म्हणून सूज उतरवणारे औषध नाकात घालून पुन्हा मोजतात. तरीही आकडा तेवढाच राहिला, तर अडचण अस्तराची नसून हाडाची वा पडद्याची असण्याचा संभव.

वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया केवळ या आकड्यावर ठरवू नये, असे आम्हाला वाटते. रुग्णाची तक्रार आणि क्षेत्रफळ पुष्कळदा जुळतच नाहीत. पेपरमिंटची गोळी चघळली की नाक मोकळे वाटते. मोजले तर वाट तेवढीच निघते.