शिळेवरून पोथींत : ग्रीकांचें एपिग्राम

‘एपिग्राम’ ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘वर कोरलेलें’ एवढाच आहे. थडग्यावर किंवा देवास वाहिलेल्या वस्तूवर जागा थोडी आणि कोरण्याचें काम कष्टाचें; म्हणून शब्द मोजूनच वापरावे लागत. त्या निकडींतूनच हें अल्पाक्षरी काव्य घडलें. आरंभीं त्यावर कवीचें नांव सहसा नसे. मान मृताचा, कवीचा नव्हे.

इ. स. पूर्व ४८० मध्यें थर्मापिलीच्या खिंडींत पडलेल्या वीरांवरील लेख पुढें सायमॉनिडीझच्या नांवावर चढले. परंतु हिरॉडोटस त्यांपैकीं मेगिस्टियस ह्या भविष्यवेत्त्यावरील लेखच तेवढा त्याचा म्हणून सांगतो, आणि तो मैत्रीखातर लिहिला असें नमूद करतो.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसप्रभृति कवींनीं हा प्रकार पोथींत आणला. आतां थडगें नसतांही मृत्युलेख रचतां येऊं लागला. प्रेम, मद्य, थट्टा हेही विषय झाले. इ. स. पूर्व १०० च्या सुमारास मेलिएगरनें अशा कवितांची ‘माला’ गुंफली, आणि तींतील कवींना निरनिराळ्या फुलांच्या व वनस्पतींच्या उपमा दिल्या. पुढें रोमन कवि मार्शल ह्यानें शेवटच्या ओळींत नांगी बसविली. युरोपनें एपिग्राम म्हणून मुख्यतः ती नांगीच ओळखली. मूळ ग्रीक गुण मात्र संयमाचा.

दहाव्या शतकांतील एका हस्तलिखितामुळें अशा सुमारें ३,७०० कविता वांचल्या. अमर व्हावें म्हणून शब्द शिळेवर कोरले गेले. त्यांतले पुष्कळ टिकले ते मात्र नकलकारांच्या लेखणीमुळें.