बक्षीस, बलुते आणि पगार : हॉटेलची खोली साफ करणाऱ्या ताईला किती द्यायचे?

आपल्यातली शिकून नोकरीला लागलेली पिढी आता सुट्टीत बाहेर पडते. कोणी गोव्याला, महाबळेश्वरला जाते, कोणी आईवडिलांना घेऊन बोधगया-सारनाथ करते, कोणी कंपनीच्या कामाने अमेरिकेत गेल्यावर दोन दिवस न्यूयॉर्क बघून येते. जेवणाच्या टेबलावर बिलाबरोबर टिप ठेवायची असते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आपण बाहेर फिरत असताना जी व्यक्ती खोलीत येते, चादर बदलते, कमोड घासते, न्हाणीच्या जाळीत अडकलेले आपले केस काढते, तिला काही द्यायचे का? द्यायचे तर किती?

यावर दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत : "त्यांना पगार मिळतो की, मग वर कशाला?" दुसरे मत : "गरीब बिचारी असतात, द्यावेत पन्नास-शंभर." माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. पहिले मत त्या पगाराची चौकशीच करत नाही आणि दुसरे दयेपाशी थांबते. टिपेची सवय कोणाच्या माथी मारली गेली आणि तिच्याविरुद्ध कोण लढले, हे समजून घेतले तरच आंबेडकरी माणसाला या प्रश्नाचे उत्तर नीट देता येईल.

गुलामी संपली, टिप सुरू झाली

आपल्याकडे टिपेला जुना शब्द बक्षीस. तो फारसीतून आला. देणारा खूश झाला तर देणार, नाही झाला तर नाही. घेणाऱ्याने तक्रार करायची सोय नाही. दिवाळीची पोस्त मागायला दाराशी उभ्या राहणाऱ्या सफाई कामगाराची अवस्था तीच. वर्षभराच्या कामाचा मोबदला म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून ते पैसे त्याच्या हातावर पडत.

अमेरिकेत या मेहेरबानीवर एक अख्खा उद्योग उभा राहिला. तिथले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने गेली आणि लाखो काळी माणसे मोकळी झाली. पण हाताला जमीन नाही, गाठीला पैसा नाही. १८६७ मध्ये जॉर्ज पुलमन याने शिकागोत रेल्वेच्या शयनयानांची, म्हणजे झोपण्याची सोय असलेल्या आलिशान डब्यांची कंपनी काढली. ही डब्यांच्या रूपातली फिरती हॉटेलेच होती. बिछाने घालायला, काढायला, बूट पुसायला, सामान उचलायला त्याने मुद्दाम काळी माणसे नेमली. त्यांतली सुरुवातीची कित्येक माणसे आधी गुलाम होती. पगार तुटपुंजा ठेवला, कारण उरलेले प्रवासी टिपेतून देतील असा हिशोब होता.

टिप मिळवायची तर हसत राहावे लागे. अपमान गिळावा लागे. प्रवासी कोणत्याही पोर्टरला "जॉर्ज" म्हणून हाक मारीत, म्हणजे मालकाचे नाव त्याच्या माणसाला. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याच्या जुन्या रीतीचेच हे शेपूट होते. आपल्या मुंबईत कोकणातून आलेल्या प्रत्येक घरगड्याला "रामा" म्हणत, ते आठवा. माणसाचे नाव पुसले की त्याचा हक्क पुसणे सोपे जाते.

१९१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे पुलमन कंपनीची सुनावणी झाली. पोर्टरचा किमान पगार तेव्हा महिना २७.५० डॉलर होता. त्यातच गाडीवरचे जेवण आणि बूट पॉलिश यांचा खर्च त्याने करायचा. कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायला कोण आले होते? रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचा हा मुलगा, अनेक वर्षे याच कंपनीचा अध्यक्ष होता. बापाने बेडी तोडली, मुलाच्या कंपनीने मुक्त झालेल्यांना टिपेवर जगायला लावले. त्याच साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करत होते आणि विद्यापीठाला लागून असलेल्या हार्लेममध्ये काळ्यांची वस्ती वाढत होती.

पोर्टरांची मागणी : टिप नको, पगार द्या

याच हार्लेममध्ये २५ ऑगस्ट १९२५ रोजी पुलमनच्या कामगारांनी आपली संघटना स्थापन केली : ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स. नेतृत्व ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे दिले. ते स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. डब्यांतल्या मोलकरणीही या संघटनेत होत्या आणि पोर्टरांच्या बायकांनी निधी उभा करण्याचे मोठे काम केले.

या संघटनेच्या मागण्या आपण नीट वाचल्या पाहिजेत. कामाचे तास कमी करा, पगार वाढवा, आणि टिपेवर जगायची पद्धत बंद करा. ज्यांचे पोट टिपेवर होते, तेच टिप नको म्हणत होते. काही पोर्टरांना याची भीतीही वाटे, कारण टिप गेली आणि पगारही वाढला नाही तर खायचे काय? पण संघटनेचे म्हणणे पक्के होते. टिपेसाठी वाकणारा माणूस मालकाशी ताठ बोलू शकत नाही. आणि प्रवाशाने दिलेल्या प्रत्येक नाण्याने खरी बचत मालकाची होते. १९२७ मध्ये त्यांनी हा प्रश्न केंद्रीय आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे नेला. पुढच्या वर्षी आयोगाने हा विषय आपल्या अधिकारात येत नाही असे सांगून हात झटकले.

कंपनीने हेर सोडले, माणसे कामावरून काढली. लढा बारा वर्षे चालला. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, संघटनेच्या बाराव्या वर्धापनदिनीच, पुलमनने करारावर सही केली. महिन्याचे काम जवळपास ४०० तासांवरून २४० तासांवर आले आणि पगार वाढला. अमेरिकेतल्या एखाद्या बड्या कंपनीने काळ्या कामगारांच्या संघटनेशी केलेला हा पहिला करार. १९५५ च्या मॉन्टगोमेरी बस बहिष्कारामागे उभे राहिलेले ई. डी. निक्सन याच संघटनेचे कार्यकर्ते होते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्व रँडॉल्फ यांचे होते. पगारासाठी ताठ झालेली मान पुढे नागरी हक्कांसाठीही ताठ राहिली.

हीच लढाई इकडे बाबासाहेब लढत होते

आता साल बघा. पोर्टर आयोगाच्या दारात उभे होते तेव्हा, १९ मार्च १९२८ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महाडच्या परिषदेला बरोबर एक वर्ष झाले होते.

महार वतन म्हणजे काय होते? काम सरकारचे आणि गावाचे, चोवीस तासांचे. बाप घरी नसेल तर पोराने, बायकोने जायचे. मोबदला म्हणजे थोडी वतनाची जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. हे बलुते कधी द्यायचे, किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे गाव ठरवणार. महाराने पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की बलुते बंद. काम सरकार घेणार आणि पोटाची दोरी गावाच्या हातात, अशी ती रचना होती.

बाबासाहेबांच्या विधेयकाने नेमक्या या दोरीवर घाव घातला. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करून कामगाराला द्यावी. ज्याला नोकरी नको असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे व्हावे. कामे कोणती, हे नियमात लिहा. या विधेयकाची समितीत इतकी मोडतोड झाली की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले, तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

पण धागा तुटला नव्हता. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले, त्यातून १९४८ चा किमान वेतन कायदा आला. महाडला त्यांनी उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी मान विकू नका म्हणून सांगितले आणि दिल्लीत त्या तुकड्यांच्या जागी कायद्याचे वेतन आणले. दोन्ही मिळून एकच विचार आहे. माणसाच्या श्रमाची किंमत दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका.

पाकिटाची गोष्ट

कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. तर अलीकडचे पाहू.

अमेरिकेचा १९३८ चा किमान वेतनाचा कायदा हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामगारांना बाहेर ठेवून झाला. १९६६ मध्ये त्यांना आत घेतले, पण टिपेचे पैसे किमान वेतनात धरण्याची सवलत मालकांना देऊन. म्हणून १९९१ पासून आजवर तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रक्कम तासाला २.१३ डॉलर एवढीच आहे. काही राज्यांनी ती वाढवली, पण केंद्राचा आकडा हलला नाही. हा मुख्यतः वेटरांचा प्रश्न. खोल्या साफ करणाऱ्या बायकांना बहुधा वेगळे, तासाचे वेतन असते. पण टिपेच्या बाबतीत त्या वेटरच्याही मागे, कारण पाहुण्याला त्या दिसतच नाहीत.

२०१४ मध्ये मॅरियट या बड्या हॉटेल कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या सुमारे १,६०,००० खोल्यांत एकेक पाकीट ठेवले. पाहुण्यांनी साफसफाई करणाऱ्यांसाठी त्यात टिप घालावी, ही विनंती. लोकांनी तेव्हाच विचारले, पाकीट ठेवण्याऐवजी तुम्हीच पगार का वाढवत नाही? चार वर्षांनी, २०१८ च्या शरद ऋतूत, त्याच मॅरियटच्या आठ शहरांतल्या हॉटेलांचे सुमारे ७,७०० कामगार संपावर गेले. त्यांची घोषणा होती : एक नोकरी पुरेशी असली पाहिजे. कामगारांना पाकिटापेक्षा काय हवे होते, ते या घोषणेत आहे.

आपल्याकडे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या आयकर प्रकरणात सांगितले की टिप ग्राहकाकडून येते, तिच्यावर कामगाराचा मालकाविरुद्ध नोकरीतून निर्माण होणारा हक्क नाही, म्हणून ती पगार नव्हे. प्रश्न कराचा होता, पण त्यातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. टिप पगार नसेल, तर तिच्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. "त्यांना टिप मिळते" असे सांगून कमी पगाराचे समर्थन करणाऱ्याला हे ऐकवा.

मग आपण काय करायचे?

एक युक्तिवाद मी आपल्याच तरुणांकडून ऐकतो. टिप म्हणजे बलुते असेल, तर आपण ती देऊच नये. ऐकायला क्रांतिकारी वाटते. पण पोर्टरांनी मागणीचा क्रम कसा ठेवला ते पाहा. पगार आणि टिप यांचा निकाल त्यांना एकत्र हवा होता. बाबासाहेबांनीही बलुते नुसते बंद करा असे म्हटले नाही, त्याचे रोख रकमेत रूपांतर मागितले. पगार वाढण्याआधी आपण हात आखडला, तर नुकसान त्या ताईचे आणि मालकाला तर त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून टिप द्यायची. उपकार म्हणून नव्हे, तिच्या मजुरीतला जो वाटा मालकाने आपल्यावर ढकलला आहे तो म्हणून.

किती? माझे मोजमाप असे. साध्या लॉजमध्ये एका रात्रीला ५० रुपये, मध्यम हॉटेलात १००, मोठ्या हॉटेलात २०० किंवा जास्त. अमेरिकेत रात्रीला १ ते ५ डॉलर हे प्रमाण रूढ आहे, त्यातले वरचे टोक धरा. जपानमध्ये टिपेची पद्धत नाही, तिथे देऊ नका. टिप नसेल तर सेवा बिघडते म्हणणाऱ्यांना जपान हे उत्तर आहे.

पैसे रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण आज खोली साफ करणारी ताई उद्या सुट्टीवर असेल. नुसती नोट टेबलावर टाकली तर ती उचलायला भीती वाटते, चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही. चिठ्ठीवर "खोली साफ करणाऱ्या ताई-दादांसाठी" असे लिहून ठेवा. बिलात सेवा शुल्क लावले असेल तर त्यातले हाउसकीपिंगला मिळते का, हे विचारा. ते शुल्क सक्तीचे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. समोर भेटली तर नाव विचारा, "ए बाई" म्हणू नका. आणि उष्टी ताटे, ओले टॉवेल, घाण पसरून वर शंभराची नोट ठेवणे ही तर जुनी जहागिरी झाली.

यापुढचे काम कार्यकर्त्यांचे आहे. आपल्या वस्त्यांतल्या किती तरी बायाबापड्या लॉजवर, रिसॉर्टवर, हॉस्पिटलात कंत्राटदाराकडून साफसफाईला जातात. त्यांना पगाराची पावती मिळते का? किमान वेतनाचा दर त्यांना माहीत आहे का? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पण भरला जातो का? संडास घासायच्या कामावर आपलीच माणसे आणि रिसेप्शनवर दुसरीच, असे का? जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो. त्याच दारांवर हे चार प्रश्नही विचारले, तर प्रत्येक तालुक्यात कामगार कार्यालयाकडे न्यायला खऱ्या तक्रारी हाती येतील.

टिप देऊन आपण एका दिवसाची उणीव भरतो. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा हिशोब मालकाकडेच मागावा लागेल, आणि तो एकेकट्याने मागून मिळत नाही. संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी आपल्याला याचसाठी सांगितले आहे.

जय भीम!