गांजा आणि पंचविशीपर्यंत घडणारा मेंदू

सातपुड्याच्या पायथ्याशी कापूस वा तुरीच्या पिकाआड लावलेला गांजा पोलिसांनी उपटून काढल्याच्या बातम्या नंदुरबार जिल्ह्यातून आणि शेजारच्या शिरपूर तालुक्यातून अधूनमधून येत असतात. बातमीत वजन आणि किंमत असते. तो ओढणाऱ्या तरुणाच्या मेंदूत काय घडते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

गांजात नशा आणणारे मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्राएलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत, मेंदू स्वतः तयार करतो असे तशाच गुणाचे द्रव्य सापडले. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवण्यात आले. चेतापेशींमधील संदेशांची तीव्रता गरजेपुरती कमी-अधिक करून ते लगेच विरून जाते. टीएचसी त्याचीच जागा बळकावते, मात्र तासन् तास. स्मृती साठवणाऱ्या भागात या जागा विशेष दाट असल्याने नुकतेच वाचलेले ध्यानात राहत नाही.

निर्णय घेणारा आणि ऊर्मींना आवर घालणारा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. सतराव्या वर्षी रोज ओढणारा मुलगा आणि चाळिशीत क्वचित ओढणारा गृहस्थ यांना एका मापाने मोजता येत नाही, ते यामुळेच. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे व्यसनात राहिलेल्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी आठ गुणांपर्यंत घसरला होता. घरची परिस्थिती किंवा आनुवंशिकता याच्या मुळाशी असावी, असा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला. तो वाद मिटलेला नाही. भ्रम, भास आणि संशय यांनी ग्रासणाऱ्या मनोविकाराबाबत पुरावा अधिक ठोस आहे. युरोप व ब्राझीलमधील २०१९ च्या अभ्यासात रोज सेवन करणाऱ्यांत हा धोका सुमारे तिप्पट, तर तीव्र मालाचे रोज सेवन करणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला. बहुतेकांना हा विकार होत नाही, हेही खरे; पण घराण्यात तो असल्यास जोखीम वाढते.

‘आपल्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे’, असा युक्तिवाद हमखास केला जातो. १८९३-९४ च्या ब्रिटिश आयोगानेही मर्यादित सेवनाने मनाला अपाय होत नाही, असेच म्हटले होते. मात्र घडत्या वयातील मेंदूचे आजचे ज्ञान त्या आयोगापाशी नव्हते.

सेवन थांबविल्यावर बोथट झालेल्या ग्राहकांची संख्या सुमारे चार आठवड्यांत पूर्ववत होऊ लागते. पहिले एक-दोन आठवडे मात्र चिडचिड, निद्रानाश आणि अन्नावरची वासना उडणे असा त्रास होतो. मुलगा अधिकच बिघडला, असे घरच्यांना वाटते ते नेमके याच दिवसांत. पोलिसांच्या धास्तीने अनेक पालक गप्प राहतात. वास्तविक अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून मानसोपचारतज्ज्ञ गाठणे सोपे नाही. तेथून २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घेता येतो.