कुळ जन्माने, मान कर्माने



रत्नकरंडक श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. त्यात कुलमद आणि जातिमदही आहेत. दोन्ही अशा गोष्टींचा गर्व, ज्या मिळवायला आपण काहीच केलेले नसते. आचार्य समंतभद्रांनी तर सम्यग्दर्शन असलेल्या चांडाळालाही देवासमान मानले आहे. आपण हे स्वाध्यायात वाचतो. पण स्वयंपाकघरात?

कुंभोज म्हटले की आपल्याला बाहुबलीचा डोंगर आठवतो. याच कुंभोजला 22 सप्टेंबर 1887 रोजी भाऊराव पाटलांचा जन्म झाला. घराणे जैन, पाटीलकीचे. म्हणजे मान जन्मतःच होता. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

पण मला आज सांगायचे आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल. त्या सोवळे-ओवळे कडक पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. सुरुवातीला त्यांना हे किती जड गेले असेल, ते आपल्यालाच कळेल. तरी त्यांनी त्या मुलांना आपली मानले. बोर्डिंगसाठी एकेक दागिना गेला. एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. 1930 मध्ये त्या गेल्या.

भाऊरावांना लोकांनी 'कर्मवीर' म्हटले. लक्ष्मीबाई मुलांच्या 'वहिनी' झाल्या. 'पाटील' हे नाव जन्माने मिळाले होते, ही दोन नावे मात्र कमवावी लागली.

आमच्या घरी कामाच्या बाईंचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला असे. सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत म्हणून मीही ती वर्षानुवर्षे चालवली. आपण सोवळे पाळतो असे मला वाटे. खरे तर तो जातिमदच होता. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र सोडले, मला एक कप सोडवत नव्हता.

आता तो कप आमच्याच कपांत असतो. उशीर झाला, हे मान्य आहे. तुमच्या खिडकीत असा कप असेल, तर या पर्युषणाची वाट पाहू नका.