बालेवाडीचा गुणतक्ता: पुण्याचे चार फुटबॉल क्लब

२००९ ते २०१९ या दहा वर्षांत पुण्याचे चार क्लब देशाच्या सर्वोच्च फुटबॉल साखळ्यांत खेळले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. चौघांचे घरचे मैदान एकच, हिंजवडीच्या अलीकडे मुंबई-बंगळूर महामार्गालगत असलेले बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी ते उभे राहिले, तेव्हा शेजारी आयटी पार्क नव्हते. आज या चारपैकी एकही क्लब त्या साखळ्यांत नाही. विशेष म्हणजे, खराब खेळामुळे यातला एकही क्लब खालच्या श्रेणीत घसरला नाही.

पहिला मान पुणे एफसीचा. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला हा क्लब २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर चढून आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च साखळीत आला आणि पहिल्याच हंगामात गोव्याच्या डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्सच्या मागे तिसरा राहिला. प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली २०१२-१३ मध्ये संघ आणखी एक पायरी चढला: चर्चिल ब्रदर्स पहिले, पुणे दुसरे. या कामगिरीमुळे २०१४ मध्ये संघाला आशियाई स्पर्धांची दारे खुली झाली आणि तो एएफसी कपमध्ये खेळला. फुटबॉलची जुनी परंपरा म्हटली की कोलकाता आणि गोव्याचेच नाव निघायचे. त्या पंक्तीत पुण्याने सहा वर्षांत जागा मिळवली, आणि ती विकत घेऊन नव्हे, तर खालून खेळत येऊन. पुण्याच्या फुटबॉल इतिहासातली ही सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल.

पुढचे दोन क्लब वेगळ्या वाटेने आले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कंपन्यांना आय-लीगमध्ये थेट प्रवेश देण्याचे धोरण आखले होते. त्यात नव्या क्लबला सुरुवातीची काही वर्षे पदावनतीपासून संरक्षण होते. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ मध्ये अकरा संघांत तळाला राहिला, पण साखळीबाहेर गेला तो त्याच्यावरचा डेम्पो, म्हणजे अनेक वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला क्लब. त्याच वर्षी भारत एफसीने माघार घेतली आणि पुणे एफसीच्या मालकांनीही वरिष्ठ संघ बंद केला. तळाचा संघ आणि दोनच वर्षांपूर्वीचा उपविजेता एकाच उन्हाळ्यात संपले.

मग आला डीएसके शिवाजीयन्स. मूळ शिवाजीयन्स हा १९८७ पासूनचा स्थानिक क्लब. डीएसके समूहाच्या पाठबळावर त्याला २०१५-१६ मध्ये आय-लीगची जागा मिळाली. त्या हंगामात तो नऊ संघांत नववा आला. नियमानुसार घसरण झाली ती आठव्या क्रमांकाच्या मिझोरामच्या आयझॉल एफसीची. पुढे गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यावर आयझॉलला परत बोलावले गेले आणि २०१६-१७ मध्ये तोच संघ विजेता ठरला! पुण्याच्या तळाच्या क्लबसाठी ज्याला बाहेर काढले, तो वर्षभरात देशात पहिला आला, हे थेट प्रवेशाच्या धोरणातला दोष दाखवायला पुरेसे आहे. डीएसकेनेही २०१७ मध्ये साखळी सोडली.

एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या नव्या साखळीसोबत जन्माला आला. वाधवान समूहाच्या जोडीला अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता. इटलीच्या फिओरेंटिनाशी करार झाला आणि डेव्हिड त्रेझगे यांच्यासारखा विश्वविजेता पहिल्या हंगामात संघात आला. नावे मोठी होती, पण तक्त्यात पहिली तीन वर्षे सहावा, सातवा, सहावा असेच क्रमांक राहिले. चित्र पालटले ते २०१७-१८ मध्ये. प्रशिक्षक रांको पोपोविच यांच्या हाताखाली ब्राझीलचा मार्सेलिनो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो यांच्या जोडीने संघाला चौथ्या क्रमांकावर नेले. उपांत्य फेरीची पहिली लढत बालेवाडीत गोलशून्य सुटली. बंगळूरच्या परतीच्या लढतीत सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली आणि पुणे १-३ ने हरले. अंतिम फेरीच्या इतक्या जवळ हा क्लब पुन्हा कधी पोहोचला नाही. २०१८-१९ मध्ये तो पुन्हा सातवा आला, मालक समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली.

सुपर लीगमध्ये पदावनती नव्हती, त्यामुळे सातव्या क्रमांकाने क्लब बुडाला असे म्हणता येत नाही. दुसऱ्या क्रमांकानेही पुणे एफसीला वाचवले नव्हते. चारही क्लब एकेका उद्योगसमूहाच्या ताळेबंदावर उभे होते. समूहाने हात आखडता घेतला की सावरायला सभासदांची संघटना नव्हती, आणि शहराच्या मालकीचा हिस्साही नव्हता. हैदराबादने पुण्याकडून आलेल्या त्याच जागेवर २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. पुण्यात फुटबॉल तेव्हाही खेळले जात होते, पण ते जिल्हा संघटनेच्या साखळीत.