कळसूबाईपेक्षा उंचावरचा गोठा
माट्टुपेट्टी (केरळ) येथील दुग्धप्रकल्पाविषयी

– प्रतिनिधी, पालघर

मे महिन्यात मुरबे, सातपाटी, नांदगावच्या किनाऱ्यावर पारा विदर्भाइतका चढत नाही; पण हवेतील दमटपणामुळे माणूस बसल्या जागी घामाघूम होतो. गोठ्यातील जनावराची अवस्था त्याहून बिकट असते. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी, त्यामुळे पाण्यात डुंबल्याखेरीज तिला चैन पडत नाही. थंड प्रदेशातून आलेली गाय तर धापा टाकू लागते, वैरण टाकून देते आणि तिचे दूध आटते. हा शरीरधर्म ध्यानात घेतला, म्हणजे मुन्नारच्या सहलीत जे गोठे आपण दुरून पाहतो, ते इतक्या उंचीवर का बांधले असावेत याचा उलगडा होतो.

मुन्नारपासून सुमारे १३ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर माट्टुपेट्टी आहे. तमिळमध्ये 'माडु' म्हणजे गुरे आणि 'पट्टी' म्हणजे त्यांचा वाडा. सहलीची बस थांबते ती येथील धरणाच्या जलाशयापाशी. नौकाविहार, भाजलेली कणसे, चॉकलेटची दुकाने आणि छायाचित्रे यांत तासभर जातो. पलीकडच्या हिरव्या उतारांवर चरणाऱ्या गाईंकडे 'स्वित्झर्लंडसारखे दिसते' असे म्हणून कौतुकाने पाहिले जाते. या उपमेत योगायोगाने तथ्य आहे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

भारत आणि स्वित्झर्लंड या दोन सरकारांतील करारानुसार १९६३ मध्ये येथे इंडो-स्विस पशुपैदास प्रकल्प सुरू झाला. स्वित्झर्लंडहून 'ब्राउन स्विस' जातीचे वळू आणण्यात आले आणि केरळमधील गावठी गाईंशी त्यांचा संकर करण्यात आला. त्यातून जी संकरित गाय तयार झाली, तिला 'सुनंदिनी' असे नाव मिळाले. पुढे या पैदाशीत जर्सी व होल्स्टीन रक्ताचाही वापर झाला. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, वळूचे वीर्य गोठवून साठवण्याचे तंत्र देशात ज्या थोड्या ठिकाणी आरंभी रुजले, त्यांत माट्टुपेट्टीची गणना होते. १९७६ मध्ये केरळ सरकारने पशुधन विकासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापले आणि हे केंद्र त्याच्याकडे आले. थोडक्यात, ही केवळ दूध काढण्याची जागा नाही. येथे वळू सांभाळले जातात आणि त्यांचे गोठित वीर्य सखल भागातील लहान शेतकऱ्यांच्या दारी पोहोचते.

उंचीचा संबंध येतो तो येथे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. कोचीत ३२ अंश असताना माट्टुपेट्टीला २१-२२ अंशांचा सुखद गारवा असू शकतो. युरोपीय गाईला साधारण ५ ते २५ अंशांची हवा मानवते. वैरण पचताना तिच्या पोटात मोठी उष्णता निर्माण होते आणि दूध जितके अधिक तितकी ही उष्णताही अधिक. तापमान व आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ७२ च्या वर गेला, की तिचे दूध घटू लागते. आपल्या वशिंडाच्या गाईचे तसे नाही. सैल कातडी, लोंबती पोळी आणि अधिक घर्मग्रंथी यांमुळे ती ऊन सोसते, गोचिडांनाही सहज बधत नाही. तिचे दूध मात्र थोडे. विदेशी रक्त साधारण ५० ते ६२.५ टक्क्यांवर रोखून दोहोंचे गुण एका जनावरात आणावेत, हे संकराचे गणित. ते प्रमाण ओलांडले की उन्हाचा आणि रोगांचा त्रास वाढतो.

महाराष्ट्रात असा प्रकल्प का झाला नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे माट्टुपेट्टीचा गोठा आपल्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर आहे. आमच्या जिल्ह्याचे थंड हवेचे ठिकाण जव्हार तर जेमतेम साडेचारशे मीटरवर.

आपल्याकडे गुरांचे स्थलांतर झाले, पण त्याचे कारण निराळे होते. मुंबईतील तबेल्यांची घाण आणि दुधातील भेसळ यांवर उपाय म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली. तिचे उद्घाटन ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे तोच हेतू ठेवून मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत दापचरीला शासनाने दुग्धप्रकल्प उभारला. माळरान, गोठे, वसाहत, पाण्यासाठी कुर्झे धरण असा सारा थाट होता, तरी प्रकल्पाची रया गेली. संकराचे काम महाराष्ट्रात वाढवले ते मणिभाई देसाई यांच्या 'बाएफ' या संस्थेने. १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे ती स्थापन झाली आणि तिने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले.

माट्टुपेट्टीच्या यशाची दुसरी बाजू सहलीच्या माहितीपत्रकात आढळत नाही. संकरित पैदाशीला वाव मिळावा म्हणून केरळमध्ये १९६० च्या दशकात विनापरवाना गावठी वळू ठेवण्यावर निर्बंध आले. पाहता पाहता स्थानिक जाती विरळ झाल्या. कोट्टायमकडील वेच्चूर ही जगातील सर्वांत बुटक्या जातींपैकी एक गाय. तिची उंची जेमतेम नव्वद सेंटिमीटर, खाणे अल्प आणि दमट हवेत राहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. ती जवळजवळ नामशेष झाली होती. केरळ कृषी विद्यापीठातील डॉ. सोसम्मा ऐप यांनी १९८९ पासून विद्यार्थ्यांना सोबत घेऊन उरलीसुरली जनावरे शोधून काढली आणि ही जात वाचवली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दूध वाढवायला हवे होते, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी गावचा वळू कायद्याने हटवणे ही घाई होती, असे आज म्हणावे लागते. आपल्या अकोले-इगतपुरीकडील डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही ते भातखाचरात उभे राहते. दुधाच्या हिशेबात त्याला किंमत नाही, म्हणून तेही मागे पडत आले आहे.

प्रत्यक्ष जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. गुजरातकडून केरळकडे जाणाऱ्या काही गाड्या वसई रोडला थांबतात, त्यामुळे पालघर-बोईसरकरांना मुंबई गाठण्याची गरज नाही. उतरायचे आलुवा अथवा एर्नाकुलमला. आलुवाहून मुन्नार रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर, आणि त्यातील पुढचा भाग घाटाचा. डिसेंबर-जानेवारीत गरम कपडे हवेतच. पावसाळ्यात दरडींची भीती असते. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री याच डोंगरांतील पेट्टीमुडीची मजूर वस्ती दरडीखाली गाडली गेली होती.

जुन्या मार्गदर्शिकांत अकरापैकी तीन गोठे पर्यटकांना खुले असल्याचा उल्लेख असे. त्यावर विसंबून निघू नये, आधी चौकशी करावी. प्रवेश नाकारल्यास रुसण्याचेही कारण नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणू माणसाच्या पादत्राणांवरूनही गोठ्यात शिरतो, आणि २०२२ मध्ये लम्पीने महाराष्ट्रातील गोठ्यांचे काय केले ते आपण पाहिले आहे. ज्यांना वेच्चूर पाहायची असेल, त्यांनी त्रिशूरला उतरावे. गाडीत ते आलुवाच्या आधीच लागते. तेथून काही किलोमीटरवरील मण्णुत्तीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात हे काम सुरू झाले. तेथेही पूर्वपरवानगी घेतलेली बरी.