येलदरी जलाशय

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरील धरणामुळे बनलेला जलाशय व सहलीचे ठिकाण.

पूर्णा प्रकल्पाचा भाग म्हणून 1960 च्या दशकात हे मातीचे धरण पूर्ण झाले. पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता 22.5 मेगावॉट असून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात (पाहा : हिंगोली जिल्हा) अडवून कालव्यांना देतात.

जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने मोकळ्या हवेतील विहार मुख्यतः पाण्याकाठी होतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठची काळी माती भेगाळते. लोक शिदोरी आणतात किंवा तीन दगडांची चूल मांडतात. कार्तिकातील आवळीभोजन (पाहा : वनभोजन) ही या विहाराची जुनी परंपरा. हिवाळ्यात हुरड्यासाठी शिवारात आगटी पेटवतात : खड्ड्यातील गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ज्वारीची कोवळी कणसे भाजून तळहातावर चोळतात आणि फुंकर मारून कोंडा उडवतात (पाहा : ज्वारी).

सिंचन, वीज व पिण्याचे पाणी हे जलाशयाचे मुख्य प्रयोजन. विहार त्यातूनच आलेला, पण वने विरळ असलेल्या या मुलखात मोलाचा. जिंतूरजवळील नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची प्राचीन मंदिरे (पाहा : चारठाणा) याच तालुक्यात आहेत.